जाळी-निर्मिती, त्रिमितीय सांत घटक

सांत घटक पद्धतीने घन पदार्थांतील प्रतिबले (एकक क्षेत्रफळावर कार्य करणाऱ्या अंतर्गत प्रेरणा), उष्णतेचे वहन, द्रवाचा प्रवाह इ. गोष्टींचे गणन करण्यापूर्वी त्या पदार्थाने व्यापलेल्या अवकाशाचे लहान लहान घटकांत विभाजन करावे लागते. हे घटक एकमेकांस फट न ठेवता चिकटून बसले पाहिजेत व कोठेही एकमेकांवर चढता कामा नयेत. अशा विभाजनास जाळी आणि ते करण्याच्या क्रियेस जाळी-निर्मिती म्हणतात. त्रिमितीय जाळीतील घटक बहुधा चतुष्फलक (चार त्रिकोणी पृष्ठांची घनाकृती) किंवा षट्फलक (विटेसारखी सहा पृष्ठांची घनाकृती) असतात. घटकांचे कोपरे म्हणजे जाळीच्या गाठी होत. अवकल समीकरणांची उत्तरे प्रत्येक बिंदूपाशी न काढता केवळ गाठींपाशी काढतात व घटकाच्या आतील मूल्ये साध्या बहुपदीने भरून घेतात. अनंत बिंदूंचा प्रश्न अशा रीतीने मोजक्या संख्यांचा, म्हणजे सांत, होतो व त्यावरूनच पद्धतीचे नाव पडले आहे. जाळे हा शब्द संगणकांच्या परस्परजोडणीसाठी रूढ झाला असल्याने येथे जाळी हा शब्द योजला आहे. खिडकीच्या जाळीचे चित्र त्यास उपयोगी पडते. मात्र ही जाळी केवळ पृष्ठावर नसून वस्तूच्या आतवर पसरलेली असते. अशी जाळी तयार करणाऱ्या मुक्त संगणक आज्ञावलींचा इतिहास व मुंबई परिसरातील त्यांची पार्श्वभूमी यांचे विवेचन पुढे केले आहे.

या कामाचा व्याप किती असतो याची कल्पना मुंबईतील एका उदाहरणावरून येईल. बृहन्मुंबई महानगरपालिकेने बांधलेल्या सागरी किनारा मार्गावर गिरगाव चौपाटी व प्रियदर्शनी पार्क यांच्या दरम्यान मलबार टेकडीखालून जाणारे, प्रत्येकी सुमारे २·०७ किमी. लांबीचे दोन बोगदे आहेत. ते १२·१९ मी. व्यासाच्या यंत्राने खोदण्यात आले व २०२४ मध्ये वाहतुकीस खुले झाले. अशा बोगद्याच्या २०० मी. लांबीच्या तुकड्याभोवतीचा १०० मी. रुंद व १०० मी. उंच खडक विचारात घेतला, तर त्याचे घनफळ २० लाख घन मीटर होते. त्याचे एकेक मीटर बाजूचे घन पाडले व प्रत्येक घनाची पाच वा सहा चतुष्फलके केली, तर एक कोट ते एक कोट वीस लाख घटक आणि वीस लाखांहून काहीशा अधिक गाठी होतात. प्रत्येक गाठीचे तीन दिशांतील विस्थापन अज्ञात असल्याने साठ लाखांहून अधिक समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. बोगद्याच्या अस्तराची जाडी मीटरच्या अंशात असते. तेव्हा एक मीटरचा घटक तेथे निरुपयोगीच ठरतो. सर्वत्र घटकाची बाजू निम्मी करावी, तर घटकांची संख्या आठपट होते. यावरील उपाय म्हणजे अस्तरापाशी बारीक व दूरच्या खडकात जाड अशी क्रमाने विरळ होत जाणारी जाळी. घटकांची संख्या त्यामुळे काही लाखांवर येते. परंतु बारीक भागातून जाड भागाकडे जाताना घटकांचे आकार बिघडू न देणे हे हाताने साधण्याजोगे काम नव्हे आणि या ठिकाणीच जाळी करणाऱ्या आज्ञावलीची कसोटी लागते.

घटकाचा आकार बिघडणे ही केवळ दृष्टीला खटकणारी गोष्ट नाही. फार चपटा वा सुईसारखा लांबट घटक असला, तर त्यातील प्रतिबलाचे मूल्य चुकते. समीकरणांचा संच अस्थिर होऊन संगणकाच्या पूर्णांकनातील (आकडे तोडण्यातील) क्षुल्लक त्रुटीही अनेक पटींनी वाढतात. गणन मात्र थांबत नाही. उत्तर मिळते, त्याचे सुंदर रंगीत चित्रही मिळते आणि पाहणाऱ्यास ते खरे वाटते.

इतिहास : त्रिकोणी तुकड्यांवर आधारलेले आसन्न उत्तर रिचर्ड कूरांट या गणितज्ञांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पिळाच्या प्रश्नासाठी मांडले होते, परंतु संगणकाच्या अभावी त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. विमानाच्या पंखांतील प्रतिबले काढण्याच्या निकडीतून एम. जे. टर्नर, आर. डब्ल्यू. क्लफ, एच. सी. मार्टिन व एल. जे. टॉप यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६० साली क्लफ यांनी या पद्धतीस तिचे आजचे नाव दिले. त्या काळी जाळी कागदावर पेन्सिलीने आखीत. गाठींना क्रमांक देत व त्यांचे सहनिर्देशक मोजून छिद्रपत्रांवर उतरवीत. एका गाठीचा क्रमांक चुकला, तर सारे गणन वाया जाई. ओ. सी. झिंक्येविच व डी. व्ही. फिलिप्स यांनी १९७१ मध्ये वक्र कडांच्या मोठ्या तुकड्यांचे आपोआप उपविभाजन करण्याची रीत मांडली. तिने श्रम पुष्कळ कमी झाले, तरी मूळ मोठे तुकडे पाडण्याचे काम अभियंत्याकडेच राहिले.

मुंबईत या विषयास पोषक भूमी कुलाब्यास तयार झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती प्रत्येकी ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. वर उल्लेखिलेल्या खडकाच्या तुकड्यातील गाठींचे नुसते सहनिर्देशक साठवावयाचे, तर साठ लाख शब्द लागतील, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पिढीतील संशोधकांना त्रिमितीय जाळीचा विचार का परवडत नव्हता ते समजते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळाच्या मानाने मोठा संगणक आला व बाहेरील संस्थांनाही त्याचा लाभ मिळू लागला.

यंत्रापेक्षाही टिकाऊ ठरलेली गोष्ट मात्र एका छोट्या पुस्तकाच्या रूपाने पुढे आली. फ्रेंच गणितज्ञ फिलिप सियार्ले यांनी सांत घटक पद्धतीवर दिलेल्या व्याख्यानांची टिपणे एस. केशवन, अखिल रंजन व एम. वन्निनाथन यांनी तयार केली व टाटा संस्थेने ती १९७५ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केली. सियार्ले यांचा या विषयावरील सुप्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, निघाला. जाळीच्या दृष्टीने या विवेचनाचा गाभा असा : घटकाचा व्यास (त्यातील कोणत्याही दोन बिंदूंमधील कमाल अंतर) व त्यात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या गोलाचा व्यास यांचे गुणोत्तर जाळी कितीही बारीक केली तरी एका ठराविक मर्यादेत राहिले पाहिजे. ते तसे राहिले, तर घटक लहान करीत जाताना उत्तर खऱ्या उत्तराकडे ठराविक वेगाने सरकते, असे सिद्ध करता येते. न राहिल्यास ही हमी उरत नाही. अभियंते जी गोष्ट अनुभवाने ओळखीत होते, तिला येथे मोजता येण्याजोगे रूप मिळाले. पुढील काळातील जवळजवळ प्रत्येक जाळी-निर्मिती आज्ञावली घटकाची प्रत तपासताना याच किंवा याच्याशी सममूल्य अशा गुणोत्तराचा आधार घेते. संस्थेच्या व्याख्यानमालेतील ही टिपणे आता संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य वाचता येतात. पद्धतीच्या पहिल्या पाठ्यपुस्तकांपैकी एक, १९७२ साली प्रसिद्ध झालेले, चंद्रकांत देसाई व जॉन एबल यांचे आहे. त्यांपैकी देसाई हे मुंबई विद्यापीठाचे अभियांत्रिकीचे पदवीधर होत.

तिसऱ्या मितीची अडचण : प्रतलातील कोणतीही बहुभुजाकृती नवे बिंदू न घेता त्रिकोणांत विभागता येते. त्रिमितीत हा सोपा नियम टिकत नाही. जर्मन गणितज्ञ एरिख शोनहार्ट यांनी १९२८ मध्ये त्रिकोणी लोलकास किंचित पीळ देऊन मिळणारी अशी एक घनाकृती दाखविली की, जिचे तिच्या सहा शिरोबिंदूंपुरते चतुष्फलकांत विभाजनच होऊ शकत नाही. आत एखादा नवा बिंदू घ्यावाच लागतो. सुसम चतुष्फलकांनी अवकाश पूर्णपणे भरता येते, असे ॲरिस्टॉटल यांनी लिहून ठेवले होते व ते विधान शतकानुशतके मान्य होते. वस्तुतः एका कडेभोवती पाच सुसम चतुष्फलके बसविली असता सुमारे ७·३६ अंशांची फट उरते. सर्व घटक निर्दोष आकाराचे असलेली चतुष्फलकांची जाळी ही म्हणूनच अशक्य गोष्ट आहे. प्रश्न असतो तो दोष किती ठेवावयाचा एवढाच.

यातून मार्ग काढण्यास उपयोगी पडलेली मुख्य कल्पना रशियन गणितज्ञ बोरिस डेलोने यांची (१९३४) होय. दिलेले बिंदू अशा रीतीने जोडावयाचे की, कोणत्याही चतुष्फलकाच्या परिगोलाच्या (चारही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या गोलाच्या) आत दुसरा कोणताही बिंदू पडू नये. ए. बाउअर व डी. एफ. वॉटसन यांनी १९८१ मध्ये, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, परंतु परस्परांपासून स्वतंत्रपणे, अशी रचना एकेक बिंदू वाढवीत संगणकावर करण्याची रीत प्रसिद्ध केली. प्रतलात डेलोने रचनेमुळे त्रिकोणांचा लघुतम कोन शक्य तितका मोठा राहतो. त्रिमितीत मात्र तिच्यात एक विलक्षण दोष शिरतो. गोलाच्या विषुववृत्तापाशी चार बिंदू जवळजवळ समान अंतरांवर पडले, तर त्यांचे चतुष्फलक डेलोने यांच्या कसोटीस उतरते, त्याच्या कडाही पुरेशा लांब असतात. पण त्याचे घनफळ जवळजवळ शून्य असते. असे पापडासारखे चपटे घटक हुडकून काढणे व आसपासच्या गाठी हलवून वा कडा बदलून ते नाहीसे करणे यावर पुढील तीस-चाळीस वर्षांतील संशोधनाचा मोठा भाग खर्च झालेला आहे.

याखेरीज अन्य दोन मार्गही रूढ झाले. पृष्ठावरील त्रिकोणांपासून आरंभ करून आत एकेक थर रचत जाण्याची अग्रसरण पद्धती आर. लोनर व पी. पारिख यांनी १९८८ मध्ये त्रिमितीत आणली, तर एम. ए. येरी व एम. एस. शेफर्ड यांनी १९८४ मध्ये अवकाशाचे आठ-आठ घनांत पुनःपुन्हा विभाजन करून जाळी साधली.

मुक्त आज्ञावलींचा उदय : अमेरिकेच्या राष्ट्रीय अवकाश संस्थेने तयार करविलेली नॅस्ट्रॅन ही आज्ञावली १९७० च्या सुमारास इतरांस उपलब्ध झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ई. एल. विल्सन व सहकाऱ्यांच्या सॅप मालिकेतील आज्ञावल्या मूळ संहितेसह (प्रोग्रॅमकाराने लिहिलेल्या, वाचता येण्याजोग्या मजकुरासह) विद्यापीठांत हातोहात पसरल्या. तथापि याच दशकात या क्षेत्रात व्यापारी कंपन्या उतरल्या. मूळ संहिता बंद झाली व वापरासाठी दरवर्षी परवाना घेण्याची प्रथा पडली. जाळी करण्याचा भाग तर सर्वांत काळजीपूर्वक झाकून ठेवला जाई, कारण स्पर्धेत श्रेष्ठत्व ठरत असे ते त्याच भागावर. समीकरणे सोडविण्याच्या रीती पाठ्यपुस्तकांत होत्या. जाळीतील युक्त्या बहुतांशी तशा नव्हत्या.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला जीएनयू प्रकल्प व १९८९ मध्ये सिद्ध झालेले जनरल पब्लिक लायसन्स यांमुळे उलट दिशेचा विचार प्रबळ झाला. येथे मुक्त व मोफत या दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. मुक्त आज्ञावली म्हणजे जी वापरण्याचे, जिची मूळ संहिता अभ्यासण्याचे, तीत बदल करण्याचे व मूळ वा बदललेली प्रत दुसऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य परवान्यानेच दिलेले असते ती. ती बहुधा मोफतही मिळते. पण सारे मोफत ते मुक्त नव्हे. उदा., कार्नेगी मेलन विद्यापीठात जोनाथन श्यूचुक यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली ट्रायँगल ही प्रतलीय जाळीची उत्कृष्ट आज्ञावली संहितेसह मिळत असली, तरी व्यापारी उपयोगावरील निर्बंधामुळे ती काटेकोर अर्थाने मुक्त म्हणता येत नाही. एखादा बिंदू वर्तुळाच्या आत आहे की बाहेर, याचा निर्णय पूर्णांकनाच्या त्रुटीमुळे चुकू नये म्हणून श्यूचुक यांनी दिलेल्या अचूक अंकगणिताच्या रीती मात्र त्रिमितीतही मोलाच्या ठरल्या.

त्रिमितीय जाळीच्या मुक्त आज्ञावल्यांत तीन नावे प्रमुख आहेत. नेटजेन ही ऑस्ट्रियातील लिंझ येथे योआखिम शोबर्ल यांनी १९९० नंतरच्या दशकात लिहिली. तिचे वर्णन करणारा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. घन, गोल, दंडगोल यांच्या बेरीज-वजाबाकीने सांगितलेल्या वस्तूची जाळी ती अग्रसरण व डेलोने या दोन्ही पद्धतींच्या संयोगाने करते. टेटजेन ही बर्लिन येथील वायरश्ट्रास संस्थेतील हांग सी यांची निर्मिती असून तिच्यात डेलोने रचनेचे सिद्धांत अधिक काटेकोरपणे पाळले आहेत. तिच्यावरील विस्तृत निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरी व सर्वांत अधिक पसरलेली आज्ञावली जीमेश ही होय. बेल्जियममधील क्रिस्तॉफ ग्यूझेन व झां-फ्रांस्वा रमाक्ल यांनी १९९६ मध्ये तिचे लेखन सुरू केले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावरून हेतू स्पष्ट दिसतो : भव्य असे काही उभारावयाचे नसून लहान, चपळ व वापरण्यास सोपे साधन द्यावयाचे. तिची प्रसिद्धी जनरल पब्लिक लायसन्सखाली झालेली आहे. वस्तूचे वर्णन साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येते : आधी बिंदू, बिंदूंवरून रेषा, रेषांच्या वेढ्यांतून पृष्ठे व पृष्ठांच्या वेढ्यांतून घन. प्रत्येक बिंदूपाशी घटकाची इष्ट लांबी सांगता येते. त्यामुळे बोगद्याच्या अस्तरापाशी दहा सेंमी. व खडकाच्या कडेस दहा मी. अशी इच्छा दोन आकड्यांत व्यक्त होते. ही फाइल पोस्टकार्डावर मावेल इतकी लहान असू शकते. ती कोणालाही वाचता येते व तिच्यावरून तीच जाळी दुसऱ्या संगणकावर पुन्हा करता येते. वरकरणी किरकोळ वाटणारे हे वैशिष्ट्यच तिच्या प्रसाराचे खरे कारण होय. फ्रेंच विद्युत् संस्थेच्या पुढाकाराने झालेली सालोमे, तसेच फ्रीकॅड हा यंत्रभाग-आरेखनाचा मुक्त संच यांतही जाळीसाठी यांपैकी आज्ञावल्यांचा उपयोग केलेला आहे.

जाळी व दायित्व : जाळी सदोष असेल तर काय घडते याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण नॉर्वेतील आहे. स्लाइपनर-ए या तेलक्षेत्रातील फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगेरजवळच्या खाडीत चाचणीसाठी खाली उतरविला जात असता एका पोकळीची भिंत फुटून बुडाला. एकूण हानी सुमारे ७० कोटी डॉलरची धरली जाते. चौकशीअंती असे आढळले की, पोकळ्या जेथे मिळतात त्या सांध्यापाशी जाळी जाड होती, घटक तिरके होते व तेथील कर्तन प्रतिबल सुमारे ४७ टक्क्यांनी कमी आले होते. सळ्यांची मांडणीही अपुरी होती. दुर्घटनेनंतर बारीक जाळीने पुन्हा केलेल्या गणनात भिंत ६२ मी. खोलीवर फुटेल असे उत्तर आले. ती प्रत्यक्षात ६५ मी. खोलीवर फुटली होती. समीकरणे तीच, पद्धती तीच, फरक जाळीचा. आज्ञावलीही त्या काळातील प्रस्थापित होती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. तेव्हा मुक्त वा व्यापारी असण्याने जाळी आपोआप चांगली वा वाईट ठरत नाही. भेद पडतो तो तपासणीच्या शक्यतेत.

दक्षिण व मध्य मुंबईत या भेदास विशेष महत्त्व आहे. गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ या भागांतील अनेक चाळी विटांच्या भिंती, लाकडी खांब-तुळया व नंतर घातलेले लोखंड अशा संमिश्र बांधणीच्या आहेत. कित्येकांची मूळ रेखाचित्रे उपलब्ध नाहीत. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही ३३·५ किमी. लांबीची भुयारी मेट्रो याच वस्तीखालून जाते. तिचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. गिरगाव व काळबादेवी या स्थानकांच्या खोदाईत, वर जागा नसल्याने, न्यू ऑस्ट्रियन नावाने ओळखली जाणारी टप्प्याटप्प्याने खोदून लगेच आधार देण्याची रीत वापरावी लागली. अशा कामांत जमीन किती खचेल व वरच्या इमारतीस तडा जाईल काय, हे प्रश्न स्वभावतःच त्रिमितीय असतात. मुंबईचा बेसाल्ट, त्यातील ज्वालामुखी राखेचे मऊ थर व किनाऱ्यालगतची भरावाची जमीन यांच्या सीमा वाकड्यातिकड्या असतात व जाळीला त्या सीमांना धरून जावे लागते. अहवालात अंतिम खचाव मिलिमीटरमध्ये दिला जातो. तो ज्या जाळीवर काढला ती जाळी मात्र क्वचितच जोडलेली असते. जोडली तरी ती बंद स्वरूपाच्या फाइलीत असेल, तर महाग परवाना नसलेल्या दुसऱ्या अभियंत्यास ती उघडताही येत नाही. चाळीतील रहिवाशांच्या वतीने एखाद्या लहान सल्लागारास तेच गणन बारीक जाळीने पुन्हा करून पाहावयाचे असेल, तर वर्णनाची साधी फाइल व मुक्त आज्ञावली या दोन गोष्टींनी ते त्याच्या आवाक्यात येते. खर्चातील बचत हा मुक्त आज्ञावलींचा गौण लाभ होय. दुसऱ्याने काढलेले उत्तर पडताळता येणे हा मुख्य.

अर्थात साधन हाती असणे निराळे व ते चालविता येणे निराळे. या बाबतीत महाराष्ट्रातील उल्लेखनीय प्रयत्न पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्याच्या राष्ट्रीय अभियानास (२००९) अनुसरून तेथे कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने फॉसी हा मुक्त आज्ञावलींच्या शैक्षणिक प्रसाराचा प्रकल्प व त्याच्या जोडीने स्पोकन ट्युटोरियल ही ध्वनिचित्रपाठांची योजना उभी राहिली. पाठ सुमारे दहा मिनिटांचे असून विद्यार्थ्याने शेजारी आज्ञावली उघडून बरोबरीने करीत जावे अशी त्यांची रचना आहे. प्रवाह-गणनाच्या ओपनफोम या आज्ञावलीवरील मालिकेत जीमेश बसविणे, तीत गोल काढणे व अनियमित जाळी तयार करणे यांवरही पाठ आहेत. योजनेतील अनेक विषयांचे पाठ मराठीसह भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झालेले आहेत. केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कामांत मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मात्र त्याचा रोख मुख्यतः कार्यालयीन व्यवहारांकडे होता, अभियांत्रिकी गणनाकडे नव्हे.

मर्यादा : मुक्त आज्ञावल्यांचा दुबळा भाग म्हणजे वस्तूच्या आकाराची आयात. आरेखनाच्या संचातून आलेल्या पृष्ठांत केसाएवढ्या फटी वा एकमेकांवर चढलेल्या कडा असल्या, तर जाळी अर्ध्यावर थांबते व दोष हाताने शोधावे लागतात. व्यापारी संचांत ही डागडुजी पुष्कळ अंशी आपोआप होते. अलीकडे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेटवाइल्ड या मुक्त आज्ञावलीने सदोष पृष्ठावरूनही, ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा फरक पत्करून, सुदृढ जाळी करण्याचा मार्ग दाखविला आहे. रुग्णालयांतील सीटी चित्रणावरून हाडाची जाळी करताना पृष्ठे अशीच खडबडीत येत असल्याने त्या क्षेत्रासही तो उपयोगी आहे. याउलट, कोणत्याही आकाराची चांगल्या प्रतीच्या षट्फलकांची जाळी आपोआप करणे हे मुक्त वा व्यापारी अशा एकाही आज्ञावलीस अद्याप साधलेले नाही. तुळई, धरण, दट्ट्या यांसारख्या वस्तूंचे विटांसारखे तुकडे पाडण्याचे काम आजही झिंक्येविच यांच्या काळाप्रमाणे अभियंत्यालाच करावे लागते. [⟶ संगणक, स्थापत्य अभियांत्रिकी].